वाचकांचे प्रश्न : रविवारची उपासना कोणी आखायची?

चर्चमधील रविवारच्या उपासनेच्या तयारीविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी आपल्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, मतभेद मोकळेपणाने लिहिले असल्यामुळे कोणाचेही नाव छापलेले नाही. उत्तरे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. मी अनेक वर्षे पेटीवर बसलो आणि उपासना समितीच्या बैठकांचा वृत्तांत लिहिला, तेव्हा माझे म्हणणे त्या जागेवरून दिसलेले आहे.

प्रश्न : सलाम. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी चार वर्षांपासून पाळक आहे. संदेश (प्रवचन), शास्त्रपाठ (बायबलमधील वाचन), गीते, प्रार्थना हे सर्व मी एकटाच ठरवतो. शनिवारी रात्री नऊ वाजता सेक्रेटरींचा फोन येतो, "साहेब, उद्याची गीते कोणती?" मंडळीत गाणारे, लिहिणारे, शिकलेले लोक आहेत. त्यांना घेऊन उपासनेची आखणी करावी असे मनात आहे. मागे एकदा समिती नेमली होती, पण तीन महिन्यांत ती विरून गेली. कुठे चुकले असावे?

उत्तर : आपण समिती नेमून नेमके काय केले ते पत्रात नाही, पण अंदाज बांधता येतो, कारण जवळजवळ सर्वच मंडळ्यांत हेच घडते. समिती नेमली जाते आणि पहिल्याच बैठकीत कार्यक्रमाची वाटणी होते. प्रारंभीची प्रार्थना एका वडिलांकडे जाते, पहिला शास्त्रपाठ शिक्षिकाबाईंकडे, विशेष गीत तरुण संघाकडे आणि दानार्पणाच्या वेळचे भजन महिला मंडळाकडे. कागद भरतो आणि सर्वांना समाधान वाटते. रविवारी मात्र शास्त्रपाठ पश्चात्तापाचा, विशेष गीत जल्लोषाचे आणि संदेश तिसऱ्याच विषयावर, असे तीन तुकडे मंडळीपुढे येतात. कामे वाटली गेलेली असतात, उपासना कोणीच आखलेली नसते. तीन महिन्यांनी लोकांच्या लक्षात येते की केवळ नावे वाटण्यासाठी बैठकीची गरज नाही, ते फोनवरही होते, आणि मग ते येईनासे होतात. त्यात त्यांचा दोष नाही.

माझ्या मते एकत्र आखणीचा आरंभ एकत्र वाचनाने व्हावा. बैठकीत त्या रविवारचा शास्त्रपाठ दोनदा मोठ्याने वाचावा, दोन वेगळ्या आवाजांत. त्यानंतर काही मिनिटे कोणी बोलू नये. मग प्रत्येकाने एकच वाक्य सांगावे की या उताऱ्यात आपण कुठे अडखळलो. आमच्या समितीत पहिल्या अर्ध्या तासात गीत क्रमांक उच्चारायला बंदी होती. सुरुवातीला हा नियम लोकांना पोरकट वाटला, पण एकदा कोणी "एकशे बारा घेऊ या" असे म्हटले की शास्त्रपाठ बाजूला पडतो आणि पुढची सगळी चर्चा चालींवर होते, हे सर्वांनी अनुभवले होते.

एक उदाहरण देतो. कोणत्या रविवारी बायबलमधील कोणते उतारे वाचायचे याचे जे तीन वर्षांचे पाठपत्रक अनेक मंडळ्या वापरतात, त्यात एक वर्ष मत्तयाच्या शुभवर्तमानाचे, एक मार्काचे आणि एक लूकाचे असते आणि योहानाचे उतारे तिन्ही वर्षांत पेरलेले असतात. वर्षाची सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी होते. २०२५ साली तो रविवार ३० नोव्हेंबरला आला आणि मत्तयाचे वर्ष सुरू झाले. त्या दिवशीचे पाठ होते यशया २, स्तोत्र १२२, रोमकरांस पत्र १३ आणि मत्तय २४. हे चार पाठ समितीपुढे ठेवले, तर शेतकरी असलेला सभासद यशयातील तलवारींचे नांगराचे फाळ होण्यावर थांबेल, कारण फाळ ठोकून घेण्यासाठी लोहाराकडे तो स्वतः गेलेला असतो. दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका रोमकरांस पत्रातील 'रात्र सरत आली आहे' या शब्दांवर थांबेल. पहाटे चार वाजता ती रात्र किती लांब वाटते, हे ती सांगेल. अशा वेळी पेटीवाल्याला आपोआप सुचते की झोपेतून उठवणारे हे वचन आहे, तर सुरुवात भूपाळीच्या अंगाने का करू नये? पाळकांच्या संदेशालाही लोहाराचा भाता आणि रात्रपाळी मिळालेली असते. हे पाळकांना अभ्यासिकेत एकट्याने बसून सुचलेच नसते असे मी म्हणत नाही, पण शनिवारी रात्री नऊ वाजता सुचणे कठीण आहे.

याकरिता पाळकांनी एक शिस्त स्वतःला लावून घ्यावी लागते, आणि खरी अडचण तिथेच असते. पाठपत्रक वापरत नसाल तर पुढील सहा रविवारांचे शास्त्रपाठ समितीला आधी द्यावे लागतात. संदेश तयार असण्याची गरज नाही, फक्त उतारा ठरलेला असावा. काही पाळकांचे म्हणणे असते की संदेश आत्म्याच्या प्रेरणेने ऐन वेळी मिळतो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी एवढेच म्हणेन की ती प्रेरणा मंगळवारी येण्यासही काही हरकत नसावी.

समितीत सहांहून अधिक माणसे नकोत. आपण स्वतः, संगीत पाहणारी एक व्यक्ती, महिला मंडळातील एक, तरुण संघातील एक, संडे स्कूलच्या शिक्षिका, आणि सहावी व्यक्ती अशी घ्यावी की जिला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि व्यासपीठावर बोलायला आवडत नाही. ही सहावी व्यक्ती बाकांवर बसणाऱ्यांची प्रतिनिधी असते. तिला न कळलेली गोष्ट मंडळीला कळणार नाही असे धरून चालावे. अंतिम निर्णय आपलाच राहील, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. ते न सांगितल्यामुळे पुढे जी कटुता येते, ती सांगितल्याने येत नाही.

मंडळीत "हे नवे खूळ कुठून आणले" असे कोणी विचारल्यास त्यांना बायबलमधील १ इतिहास या पुस्तकाचा अध्याय २५ वाचायला द्यावा. दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतील दोनशे अठ्ठ्याऐंशी निपुण गायक नेमले, बारा-बारांचे चोवीस वर्ग केले आणि पाळ्या ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यात लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. नाताळच्या रविवारी कोणी गावे यावरून ज्या मंडळ्यांत अबोला धरला जातो, त्यांनी ते आठवे वचन भिंतीवर लावावे.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो आणि मंडळीत कीबोर्ड वाजवतो. उपासना समितीत मी सर्वांत लहान आहे. ज्येष्ठांना फक्त 'उपासना संगीत' या पुस्तकातील गीते हवी असतात. आम्हाला नवी गीते हवी असतात. शेवटी दोन त्यांची, दोन आमची असा तह होतो आणि दोन्हीकडचे लोक अर्धा वेळ गप्प उभे राहतात. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : आपला तह न्याय्य आहे, पण उपासनेला त्याचा उपयोग नाही, हे आपल्याच शेवटच्या वाक्यात आले आहे. जुने आणि नवे या दोन ढिगांतून गीते उचलण्याऐवजी बाकांवरचा माणूस काय गाऊ शकतो, हा प्रश्न आधी विचारावा. तो विचारला की दोन्ही ढिगांची वेगळीच वर्गवारी होते.

जुन्या पुस्तकातील सर्व गीते एकसारखी नाहीत. त्यांतील काही इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे आहेत आणि काही देशी चालींची, अभंग-पद या वळणाची रचना आहे. इंग्रजीत शब्दातील एका अवयवावर आघात असतो आणि चाल त्या आघातावर उभी असते. मराठीत तसा आघात नाही, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे वजन आहे. त्यामुळे भाषांतर कितीही भक्तिभावाने केलेले असले, तरी परक्या चालीत बसवताना 'कृपा' या शब्दातील ऱ्हस्व 'कृ' लांबतो आणि दीर्घ 'पा' घाईने उरकावा लागतो. आपल्या आजीआजोबांनी ती गीते इतकी वर्षे गाऊन ही अडचण अंगवळणी पाडली आहे आणि ती त्यांना प्रियही आहेत, तेव्हा ती टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. परंतु नवीन येणाऱ्या माणसाला ती का जड जातात, याचे कारण जुनेपणात नाही.

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते निवर्तले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या हाती जी भजने आणि अभंग दिले, ते रुजण्याचे कारण हेच होते की ती रचना मराठी कानाला ओळखीची होती. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंग कोणी शिकवावा लागत नाही. पहिला चरण ऐकला की दुसऱ्याची लांबी माहीत असते. त्याही आधी इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी निवडली, आणि ते १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. तेव्हा देशी चालीचे गीत हे चारशे वर्षांचे आहे. समितीतील ज्येष्ठांना हे सांगितले तर त्यांना राग येणार नाही, आणि तरुणांनाही नवेपणाची व्याख्या पुन्हा तपासावी लागेल.

आता आपल्या नव्या गीतांविषयी. त्यांतील पुष्कळशी एका गायकासाठी, ध्वनिमुद्रणासाठी बांधलेली असतात. ओळीची सुरुवात ठेक्याच्या आधी किंवा नंतर होते, मध्ये वाद्यांचे तुकडे येतात आणि शेवटी गायक आपल्या मनाने आलाप घेतो. ऐकायला हे छान असते, पण बाकांवरच्या माणसाला कुठे शिरायचे ते कळत नाही. कसोटी सोपी आहे. नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आजी यांना ते गीत दुसऱ्या खेपेस, पुस्तकात न पाहता, ध्रुपदापुरते तरी धरता आले पाहिजे. जी नवी गीते या कसोटीला उतरतात, ती निवडावीत. न उतरणारी गीते विशेष गीत म्हणून गायनवृंदाने म्हणावीत, मंडळीला उभे करून त्यांच्याकडून त्यांची अपेक्षा करू नये.

आणखी दोन गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात आहेत. पहिली पट्टीची. कीबोर्डवर मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी तशीच लावली जाते आणि मग स्त्रिया किंचाळतात व पुरुष गप्प बसतात. पांढरी एक (पेटीवरील पहिली पांढरी पट्टी) हा षड्ज धरला, तर मंडळीच्या गीतातील सर्वांत उंच स्वर तार सप्तकातील रिषभाच्या वर जाऊ नये. तो जात असेल तर पट्टी उतरवावी. सकाळी साडेआठला लोकांचे आवाज अजून उठलेले नसतात, हे विसरू नये. दुसरी गोष्ट शिकवण्याची. महिन्याला एकच नवे गीत घ्यावे. उपासनेपूर्वी दहा मिनिटे ते मंडळीसोबत दोनदा म्हणावे आणि सलग तीन रविवार तेच ठेवावे. भूपातील किंवा अशाच पाच स्वरांतील चाल असेल तर दुसऱ्या रविवारीच मंडळी आपल्यापुढे धावते. (भूप हा खरे तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. पण भूपाळ्या त्या वळणाच्या स्वरांत पहाटे म्हणण्याची आपली रीत जुनी आहे, आणि त्यावरून मंडळीत कोणी वाद काढल्याचे मला आठवत नाही.)

प्रश्न : वसई तालुक्यातील आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) उपासना समिती आहे. मी तिची सदस्य आहे. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अधिक जिवंत व्हावी म्हणून आम्ही काही सुचवले की "हे चालत नाही" असे उत्तर येते. कधी कधी शेजारच्या धर्मग्रामात तेच चाललेले दिसते. आम्हाला नेमके काय करण्याची मुभा आहे?

उत्तर : कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात. चौदाव्या कलमात सर्व श्रद्धावंतांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग असावा असे म्हटले आहे. आपल्या भाषेत मिस्सा ऐकण्याचा मार्ग याच दस्तऐवजाने मोकळा केला. बाविसाव्या कलमात मात्र असेही आहे की कोणीही, अगदी धर्मगुरूनेसुद्धा, स्वतःच्या अधिकारात उपासनेत भर घालू नये, काही गाळू नये किंवा बदलू नये. आपल्याला मिळणारा नकार बहुधा या कलमातून येतो. म्हणून मिस्साग्रंथातील प्रार्थनांचे शब्द, नेमलेले बायबलपाठ आणि प्रवचनाचा अधिकार या गोष्टी चर्चेत आणू नयेत. तिथे वेळ घालवल्यामुळेच मोकळी असलेली जागा रिकामी राहते.

ती जागा लहान नाही. प्रवेशगीत, अर्पणगीत आणि कम्युनियनची गीते त्या दिवसाच्या शुभवर्तमानाला धरून निवडणे समितीच्या हाती आहे. वाचकांकडून आठवडाभर आधी पाठ करून घेणे, प्रतिसाद-स्तोत्र खरोखर गायले जाईल अशी चाल बसवणे, पाठानंतरची शांतता राखणे, हेही आपलेच काम आहे. यांपैकी शांततेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाठ संपतो न संपतो तोच पेटी सुरू होते.

सर्वांत मोठी मुभा विश्वासूंच्या प्रार्थनांत, म्हणजे सर्वांच्या गरजांसाठी केलेल्या विनंत्यांत, आहे. त्यांचा क्रम ठरलेला आहे, आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्ते व जगासाठी, मग संकटात असलेल्यांसाठी आणि शेवटी स्थानिक समुदायासाठी. त्यांचे शब्द मात्र आपण लिहायचे असतात, आणि आपण छापील पुस्तकातून जशाच्या तशा वाचतो. आपल्या किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतात, तेव्हा पहिल्याच रविवारच्या प्रार्थनेत त्या घरांचा उल्लेख व्हायला नको का? ती प्रार्थना एखाद्या कोळी भगिनीने लिहावी, समितीने वाचावी, फादरांना दाखवावी आणि तिनेच म्हणावी. याला "चालत नाही" असे कोणी म्हणणार नाही. शेजारच्या धर्मग्रामात काय चालते याकडे पाहू नये, एवढाच माझा वडीलकीचा सल्ला.

प्रश्न : उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्याकडे दुपारी बारा ते तीन, येशूने क्रूसावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. सात वक्ते असतात. दरवर्षी पहिले तीन वक्ते दोन तास घेतात आणि शेवटच्या दोघांना पाच-पाच मिनिटे उरतात. समितीने यंदा हे बदलायचे ठरवले आहे. शिवाय तरुणांना एक नाट्यप्रवेश बसवायचा आहे, त्याला काहींचा विरोध आहे.

उत्तर : ही तीन तासांची उपासना सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातील लिमा येथील जेजुइट धर्मगुरूंनी सुरू केली आणि पुढे पंथांच्या भिंती ओलांडून ती आपल्याही मंडळ्यांत रुजली. एकत्र आखणीची गरज वर्षातील कोणत्या उपासनेला सर्वाधिक असेल, तर ती हिलाच, कारण सात माणसे एकमेकांना न विचारता एकाच क्रूसाविषयी बोलतात. पहिल्या उद्गारावर बोलणारे गेथशेमाने बागेतील येशूच्या अटकेपासून सुरुवात करून पुनरुत्थानापर्यंत पोचतात. मग दुसऱ्यांनी काय बोलावे?

आधी वेळेचा हिशेब कागदावर मांडा. एकूण १८० मिनिटे आहेत. प्रत्येक वक्त्याला १२ मिनिटे दिली तर ८४ होतात. सात गीते प्रत्येकी ५ मिनिटांची धरली तर ३५, वाचन व प्रार्थना यांना प्रत्येक उद्गारामागे ४ मिनिटे म्हणजे २८, आणि प्रत्येक मननानंतर ३ मिनिटांची शांतता ठेवली तर २१. हे १६८ झाले. उरलेली १२ मिनिटे प्रारंभाला आणि समाप्तीला पुरतात. हा हिशेब वक्त्यांना पत्राने कळवून भागत नाही. त्या सातही जणांना पंधरा दिवस आधी एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाने आपण काय मांडणार आहोत ते दोन मिनिटांत इतरांसमोर सांगावे. पुनरावृत्ती तिथेच गळून पडते. लूकातून तीन उद्गार येतात, योहानातून तीन, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?" हा मत्तय व मार्क यांच्याकडून. शुभवर्तमानकारांच्या या वेगवेगळ्या दृष्टी वक्त्यांनी सांभाळल्या, तरी प्रत्येकाला स्वतःचा विषय मिळतो. घंटा वाजवण्याचे काम मात्र मंडळीतील अशा व्यक्तीकडे द्यावे की जिचा कोणालाही राग येत नाही.

नाट्यप्रवेशाविषयी मी दोन्ही बाजूंना थोडा नाराज करणार आहे. नाट्य उपासनेत बसत नाही हे मत मला मान्य नाही. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आपल्याच मंडळ्यांत वाढली, आणि पूर्वरंगात सिद्धांत मांडून उत्तररंगात आख्यान रंगवणारा कीर्तनकार एकटाच चार पात्रे उभी करत असे. परंतु क्रूसावरील तीन तासांत लोक ज्या शांततेसाठी येतात, तिच्यात वेशभूषा आणि नेपथ्य यांची ये-जा खटकते. तरुणांना तिसरा उद्गार द्यावा. योहान १९ मधील तो उतारा तीन आवाजांत, उभ्या जागेवरून, वेशाविना, पाठ करून म्हणू द्यावा. बसवायला ते नाट्यप्रवेशाहून अवघड आहे, हे त्यांना तालमीत कळेल.

नव्या कल्पना तपासून घ्याव्यात, असे मी का म्हणतो तेही सांगतो. एका नाताळच्या आदल्या रात्री आमच्या समितीने सर्व दिवे मालवून मेणबत्त्यांच्या प्रकाशात उपासना ठेवली. कल्पना माझी होती. समितीतील प्रत्येकाला गीते पाठ होती, त्यामुळे त्या उजेडात पुस्तक वाचता येणार नाही हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. पहिल्या कडव्यानंतर आम्ही सहा जण गात होतो आणि बाकीची मंडळी हातात पुस्तके धरून आमच्याकडे पाहत होती. पुढच्या मंगळवारी एका आजींनी समितीला विचारले, "तुम्ही आम्हाला बोलावले होते की फक्त बघायला या म्हणाला होता?" समितीतील सहाव्या व्यक्तीचा नियम आम्ही त्या आठवड्यात केला.

उपासना झाल्यावरचा आढावाही त्याच दिवशी चर्चच्या दारात घेऊ नये. दोन दिवस जाऊ द्यावेत. बैठकीत आधी लोकांनी कुठे साथ दिली ते बोलावे आणि मग कुठे साथ सुटली ते. व्यक्तीचे नाव न घेता क्रमातील जागेचे नाव घ्यावे. "अमक्याचे वाचन वाईट झाले" आणि "दुसऱ्या पाठाच्या वेळी मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचला नाही" यांत माहिती तीच आहे, पण दुसरे वाक्य ऐकून घरी कोणी रुसून बसत नाही.

प्रश्न : आमची उपासना आम्ही इंटरनेटवर थेट दाखवतो आणि गीतांचे शब्द पडद्यावर देतो. यासाठी कोणाची परवानगी लागते का?

उत्तर : थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, म्हणून उपासनेत गीत गाण्याची चिंता करू नये. शब्दांच्या प्रती काढणे, पुस्तिका छापणे, उपासनेचे चित्रमुद्रण इंटरनेटवर कायमचे चढवून ठेवणे या गोष्टी त्या कलमात गृहीत धरू नयेत. तिथे हयात असलेल्या किंवा अलीकडे निवर्तलेल्या कवी-संगीतकारांची लेखी परवानगी घ्यावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, त्यामुळे टिळकांचे शब्द केव्हाच सर्वांचे झाले आहेत. परंतु त्यांना एखाद्याने अलीकडे दिलेली चाल त्याची आहे. समितीतील एकाने प्रत्येक गीतापुढे कवी आणि चाल देणारा यांची नावे लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते सौजन्याचे आहे.

प्रश्न : नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात पंचवीस-तीस माणसांची मंडळी आहे. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात. पेटी आहे, पण वाजवणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. आपल्या सदरातील समित्या, गायनवृंद, कीबोर्ड हे सर्व आम्हाला शहरातले वाटते. आमच्यासारख्यांनी काय आखणी करायची?

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे, आणि वरची उत्तरे पुन्हा वाचताना मलाही ती जाणवली. तरीही मी म्हणेन की एकत्र आखणी आपल्याकडे शहरापेक्षा सोपी आहे, कारण पंचवीस माणसे काय गाऊ शकतात हे आपल्याला नावानिशी माहीत असते.

तीन माणसे पुरेत. एक, ज्यांना स्पष्ट वाचता येते. दोन, ज्या आजींना किंवा मावशींना सर्वांत जास्त गीते पाठ आहेत. आणि तीन, पाळकसाहेब, ज्यांच्याशी ते येणार नसतील त्या आठवड्यात फोनवर बोलता येते. बुधवारी संध्याकाळी कोणाच्याही ओट्यावर बसून पुढच्या रविवारचा उतारा वाचावा. जे रविवार पाळकांविना असतात, त्या दिवशी संदेश म्हणून छापील प्रवचन वाचून दाखवण्याची पद्धत आहे, ती मला फारशी पसंत नाही. ते दुसऱ्याच मंडळीसाठी लिहिलेले असते. त्याऐवजी उतारा दोनदा वाचावा आणि बुधवारी तिघांनी जे बोलले ते साध्या शब्दांत सांगावे, मग उपस्थितांपैकी कोणाला काही सांगायचे असल्यास सांगू द्यावे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल ज्या सभेचे वर्णन करतो, तिथे कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिक्षण. ती सभाही कोणाच्या तरी घरातच भरत असावी, आणि तिला आवरावे लागत होते हे त्याच अध्यायावरून दिसते. आपल्याकडे दहा मिनिटांची मर्यादा पुरेल.

पेटीवाचून अडू नये. मोबाइलवर तानपुऱ्याचा स्वर मिळतो, तो लावून पट्टी धरावी आणि टाळ किंवा ढोलकी जे हाती असेल त्यावर ठेका ठेवावा. पुस्तके कमी असतील किंवा सर्वांना वाचता येत नसेल, तर एकाने ओळ म्हणावी आणि सर्वांनी ती उचलावी. या रीतीने स्तोत्रसंहितेतील लहान स्तोत्रेही म्हणता येतात. मधल्या काळात एखाद्या मुलाला किंवा मुलीला पेटीसमोर बसवावे आणि एकच भजन, एकाच पट्टीत, दोन महिने वाजवू द्यावे. बंद पेटीचे भाते दोन वर्षांत आखडलेले असतील, तेव्हा आधी ती दुरुस्तीला द्यावी लागेल.

आणि त्या आजींविषयी एक विनंती आहे. त्यांना पाठ असलेल्या गीतांत अशी काही असतील की जी कोणत्याच छापील पुस्तकात नाहीत. पहिल्या दोन-तीन बुधवारी उतारा वाचून झाला की त्यांच्याकडून एकेक गीत म्हणवून घ्या, मोबाइलवर मुद्रित करा, आणि शब्द वहीत उतरवून वर त्यांचे नाव व गाव लिहा. वहीच्या दोन प्रती करा, एक चर्चमध्ये आणि एक त्यांच्या घरी ठेवा.